तीन लिटर

लातुरात मी पहिल्यांदा चिठ्ठीवर लिहिलं,
दिवसाला तीन लिटर पाणी,
त्या उन्हाळ्यात नळ अकराव्या दिवशी यायचा.
केवळबाईंनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला.
वाचता येत नव्हतं, पण तीनचा आकडा ओळखला.
"औषिद हाय का थट्टा हाय, डाक्टर?"

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, दुसरी सायकल.
औषध गाठीकडे निघायचं आणि जाता जाता
मूत्रपिंडाला कोपर मारून जायचं,
बाजारात वाट काढणाऱ्या माणसासारखं.
पाणी हाच काय तो उतारा.
मी तेहतीस वर्षांची. पुस्तकात
पाणी गृहीत धरलेलं होतं.

माझी खोली म्हणजे खोली नव्हतीच.
इकडे कॅन्सरचा वॉर्ड, तिकडे डायलिसिस,
मधल्या बोळात एक टेबल, दोन स्टुलं
आणि दीड किलो जास्त दाखवणारा वजनकाटा.
इकडचे म्हणायचे, किडनी बसली, आता डोस कसा देऊ?
तिकडचे म्हणायचे, कॅन्सर आहे ना, मग मशीन कशाला अडवता?
सत्तावीस वर्षं मी त्या बोळाचीच डॉक्टर.

धर्मापुरीकरांशी भांडले ते डोसवरून.
त्यांना पूर्ण हवा, मला पाऊण.
एकदा जिन्यात, दोघांच्या हातात जेवणाचे डबे,
वरण गार होईस्तोवर.
किती वेळा त्यांचं खरं निघालं, किती वेळा माझं,
याचा हिशेब मी ठेवला नाही.
ठेवला होता. फाडून टाकला.

उदगीरचे मोईन टेलर दीड वर्ष पाठदुखीच्या गोळ्या खात होते,
मेडिकलवाल्याने अंदाजाने दिलेल्या.
बायकोला बाहेर पाठवून हळूच म्हणाले,
लघवीला फेस येतो, सोडा ओतल्यासारखा.
हाडाच्या आत मुरलेला आजार
मूत्रपिंडात साका करून बसला होता.
क्रिएटिनिन नऊ. मग सात. मग साडेतीनवर अडलं.
मशीन सुटलं.
ईदनंतर त्यांनी मला एप्रन शिवून आणला,
मापं नजरेनेच घेतलेली, खांद्यात घट्ट.
अजून घालते. हात फार वर करत नाही.

एका डायलिसिसला एकशेवीस लिटर शुद्ध पाणी,
आणि तेवढं गाळायला जवळपास तेवढंच फेकायचं.
टँकर चुकला की तीन पाळ्यांची एक पाळी,
आज कुणाला नाही, हे मी सांगायचं.
एकदा एका माणसाला सांगितलं, तो म्हणाला, बरं,
आणि चपला शोधायला लागला. पायातच होत्या.

जिलानी, आमचा टेक्निशियन, फेकायच्या पाण्याला ड्रम लावायचा.
नातेवाईक कॅन घेऊन रांगेत, धुण्याला, भांड्यांना.
"रगताचं पानी हाय का हे?"
"न्हाई मावशी, रगताच्या आधीचं.
खारं हाय, पिऊ नका."
उरलेलं मागच्या बोरीला. ती वाढली,
बोरं मात्र कुणी खाल्ली नाहीत.

केवळबाईंच्या लेकीने भिंतीवर कोळशाने रेघा ओढल्या,
एक पेला, एक रेघ, रोज चौदा.
ते पाणी कुणाच्या वाट्यातून आलं
मी विचारलं नाही. मला आकडा हवा होता,
आकडा आला: एक पूर्णांक एक.
सात वर्षांनी गाठ परतली, फुप्फुसात.
मूत्रपिंडं शेवटपर्यंत शाबूत.
मी ती फाईल दोनदा वाचली,
आनंद कुठे मानायचा ते कळेना.

आता बोळाला काचेचं दार आहे, पाटी आहे, एसी आहे.
नवा मुलगा आलाय, अंबाजोगाईचा, हुशार.
तीन लिटर लिहिताना त्याचा हात मी धरला,
आधी विचार, घरी नळ कितव्या दिवशी येतो.
त्याने मान डोलावली, विचारलंही.

किल्ल्या दिल्या, सह्या झाल्या.
बसस्टँडपर्यंत आल्यावर आठवलं,
वजनकाटा अजून तोच आहे,
दीड किलो मी मनातल्या मनात वजा करायचे,
ते त्याला सांगायचं राहिलं.